मेंढ्यांखालच्या बायका

मित्रांनो, मी देखावा आहे. पण तुमच्या चित्रकलेच्या वहीत असतो तसला नाही. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि वाकड्या तीनच्या आकड्यासारखे पक्षी, यातलं माझ्याकडे काहीही नाही. माझ्याकडे धुराडी आहेत, भट्ट्या आहेत, जळक्या मातीचा एक काळा डोंगर आहे आणि त्या डोंगरावर वाकून कोळसा वेचणाऱ्या सात बायका आहेत. जाड कॅनव्हासवर तैलरंगात काढलेला, शंभरी गाठलेला म्हातारा आहे मी. सुंदर नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुरकुर नको.

माझ्या देशाचं नाव मी घेणार नाही. तिथलं युद्ध अजून संपलेलं नाही, आणि नाव घेतलं की माणसं आधी बाजू निवडतात, मग ऐकायला बसतात. मला तुम्ही आधी ऐकायला हवे आहात.

मला रंगवलं एका ड्रॉईंग मास्तरनं. पोलाद कारखान्याच्या शाळेत तो मुलांना सफरचंद काढायला शिकवायचा. त्या गावात सफरचंद पिकत नव्हतं. गावात होता तो धूर. शाळा सुटली की मास्तर आपला स्टँड उचलून काळ्या डोंगरापाशी जाऊन बसायचा. कारखाना जळकी माती तिथे आणून ओतायचा आणि गावातल्या बायका त्या मातीतून न जळलेला कोळसा वेचून चुलीसाठी न्यायच्या. पहारेकरी त्यांच्यावर ओरडायचे, चोरट्या म्हणायचे, कधी टोपली लाथाडायचे. त्या परत यायच्या. घरात थंडीनं पोरं कुडकुडत असली की माणूस परत येतोच.

"आमचं काय काढतोस रे मास्तर?" एकीनं हसून विचारलं होतं. "बागेत जा. तिथल्या बायका बसून असतात. तुला सोपं जाईल."

मास्तरनं काळ्या रंगात त्या डोंगरावरची चिमूटभर धूळ मिसळली आणि रंगवत राहिला. म्हणजे मी नुसतं त्या गावाचं चित्र नाही. ते गाव थोडंसं माझ्या अंगातच आहे.

पुढे गावात संग्रहालय झालं आणि मी वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत लागलो. मान मिळाला म्हणावं, तर बघायला कोण येत होतं? शाळेच्या सहली यायच्या. बाई ओरडायच्या, "रांगेत चला, हात लावू नका," आणि पोरं माझ्यासमोरून धावत पलीकडच्या खोलीत जायची. तिथे पेंढा भरलेलं अस्वल होतं. अस्वलाला दात होते. माझ्याकडे दात नव्हते. म्हणून मित्रांनो, मी संग्रहालयात होतो तेव्हाही एकटाच होतो. चोरीला गेलो म्हणून एकटा पडलो, असं खोटं मी सांगणार नाही.

एक माणूस मात्र माझं होतं. हान्ना. त्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर ती राखणीला बसायची. दुपारी कोणी नसलं की खुर्ची ओढून माझ्यासमोर आणायची, डबा उघडायची आणि उजवीकडच्या शेवटच्या बाईकडे बघत जेवायची. त्या बाईच्या डोक्याला पिवळा रुमाल आहे. माझ्या सगळ्या अंगावर पिवळा रंग तेवढाच. हान्नाच्या घरात सांगत आले होते की ती तिची पणजी. खरं होतं की नाही, मास्तरलाच ठाऊक. हान्ना तिला "आलीस का जेवायला?" असं विचारायची.

मग सैनिक आले.

ट्रक घेऊन आले, आणि त्यांच्याबरोबर एक चष्मेवाला, टाय लावलेला, शिकलेला माणूस आला. मी लहान मुलांशी बोलतोय, तरी हे स्पष्ट सांगतो: बंदूकवाल्याला कुठलं चित्र मोलाचं ते कळत नसतं. ते दाखवायला शिकलेला माणूस लागतो. तो खोलीत फिरला आणि बोटानं दाखवत गेला. हे. हे. ते नको. हे.

हान्ना जिन्यात आडवी उभी राहिली. "हे गावाचं आहे," ती म्हणाली.

"बाई, आम्ही सुरक्षित ठेवायला नेतोय," तो गोड आवाजात म्हणाला.

चोरीला हेही नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं. माझी चौकट जिन्याच्या वळणावर अडली, तेव्हा एकानं खिशातला सुरा काढून मला कडेनं कापून घेतलं आणि सतरंजीसारखी गुंडाळी केली. शेवटचं मी पाहिलं ते हान्नाचं तोंड. ती रडत नव्हती. ती पिवळ्या रुमालाकडे बघत होती. अस्वल तिथेच राहिलं.

वाटेत चोरांकडून चोरांनी मला उचललं आणि एका व्यापाऱ्याच्या हातात मी पोचलो. तोवर हान्ना आणि तिच्या लोकांनी चोरीला गेलेल्या चित्रांचे फोटो जगभर पसरवले होते. मला विकायला काढलं असतं तर पकडला गेला असता. मग व्यापाऱ्यानं डोकं चालवलं. हॉटेलांच्या भिंती रंगवणारा एक तरुण आणला आणि त्याला म्हणाला, "याचं काहीतरी छान कर."

त्यानं छान केलं. पाण्यात कालवायचा, झटपट वाळणारा प्लॅस्टिकचा रंग घेऊन तो माझ्यावर बसला. धुरावर निळं आभाळ फासलं. धुराड्यांची उंच झाडं केली. काळा डोंगर हिरवागार केला. सगळ्यात कमी त्रास त्याला बायकांचा झाला. त्या वाकलेल्याच होत्या. पाठीवर पांढरा रंग थापला, खाली चार काड्या ओढल्या, पुढे एक तोंड काढलं. झाली मेंढी. सात बायकांच्या सात मेंढ्या करायला त्याला चहा थंड होईपर्यंतचाही वेळ लागला नाही.

आपल्यावर आपलाच खोटा चेहरा चढवला की काय होतं, हे कसं सांगू? तोंडावर कोणी उशी दाबून धरली आहे आणि बाहेरची माणसं म्हणतायत, वा, किती शांत झोपलाय.

नवी चौकट ठोकून मला जुन्या फर्निचरच्या कंटेनरमध्ये घातलं आणि जगाच्या पार खालच्या टोकाला पाठवलं. न्यूझीलंड. तिथे पेनरोज नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका गोदामात कपाटामागे मी उभा राहिलो. मला न्यायला जो माणूस येणार होता तो कधी आलाच नाही. घाबरला असेल, पकडला गेला असेल, मला माहीत नाही. बाहेर दिवसभर ट्रक मागे घेतल्याचे पीं-पीं आवाज यायचे. भट्ट्या, पत्रे, यंत्रं, सगळं माझ्यासारखंच, भिंतीपलीकडे. आणि मी आत मेंढ्या पांघरून. अखेर गोदामवाल्यानं कंटाळून सगळा माल मिळेल तिथे देऊन टाकला आणि मी हेन्डरसनच्या एका ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात, टोस्टरांच्या शेजारी लागलो.

तिथून मला धम्मपालनं घरी नेलं. पेनरोजच्याच एका कारखान्यात तो इंजिनियर. इतके दिवस माझ्यापासून दोन गल्ल्यांवर काम करत होता, पण ते त्याला काय माहीत! त्याची बायको संघमित्रा नर्स. मुलगी जुई शाळेत. आणि नुकतीच चंद्रपूरकडून आलेली त्याची आई, द्रौपदीबाई. तिचे यजमान यादवराव वीजकेंद्रात कोळसा उतरवायच्या कामावर होते. ते गेले, आणि मुलगा म्हणाला, आता तिकडे एकटी राहू नकोस. म्हणून ती इकडे एकटी राहायला आली.

हो, असंच सांगतो. कारण मी भिंतीवरून रोज बघत होतो. सकाळी धम्मपाल जायचा, संघमित्रा जायची, जुई जायची. दारं लागायची. मग त्या घरात फ्रिजचा आवाज आणि द्रौपदीबाई. कोपऱ्यावरच्या डेरीत, म्हणजे दूध-पाव मिळतो त्या दुकानात, त्या एकदा गेल्या. दुकानदार भला माणूस, काहीतरी विचारत राहिला, त्या नुसत्या हसत राहिल्या आणि हसून हसून गाल दुखले म्हणून परत गेल्या नाहीत. जुई शाळेतून आली की त्या विचारायच्या, "काय शिकवलं वो आज?" जुई म्हणायची, "हीप्स ऑफ स्टफ, आजी," आणि आत पळायची. मराठी तिला सगळं कळायचं. बोलायचं मात्र नाही.

माझ्यावर द्रौपदीबाईंचा पहिल्यापासून राग होता. उशीला टेकून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "या मेंढ्या काऊन अशा वाकल्या? चरत तर नाही हायेत. यांचं पोट दुखते काय?"

मेंढ्यांची तोंडं वर होती आणि पाठी बायकांच्या. बाकी सगळ्यांना वाटलं, न्यूझीलंडचं चित्र आहे, झालं.

वैशाख पौर्णिमा आली. तुमच्याकडे तेव्हा ऊन असतं, इथे गारठा सुरू झालेला. पौर्णिमेआधी घर घासूनपुसून घ्यायचं आणि भिंतीवरची एकूण एक तसबीर पुसायची, ही द्रौपदीबाईंची जन्माची रीत. आणि तसबिरी पुसायच्या त्या रॉकेलच्या बोळ्यानं. काच चमकते, किडा लागत नाही. आता इथे रॉकेल कुठून आणणार? गॅरेजमध्ये त्यांना जांभळ्या स्पिरिटची बाटली सापडली. धम्मपाल त्यावर कॅम्पचा स्टोव्ह पेटवायचा. उग्र वास आला म्हणजे रॉकेलच, असा त्यांचा हिशेब. बुद्धाची तसबीर पुसली, बाबासाहेबांची पुसली, यादवरावांचा फोटो पुसून जरा वेळ हातात धरून बसल्या. मग माझ्याकडे आल्या. त्या तसबिरींना काच होती. मला नव्हती. हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

एक हात फिरला आणि बोळा पांढरा झाला.

"अगं माय! मेंढीचं तोंड गेलं!"

दोन्ही हात डोक्याला लावून त्या उभ्या राहिल्या. मग घाईघाईनं पुसलेलं नीट करायला गेल्या आणि अजून पुसलं गेलं. पांढरं निघालं, हिरवं निघालं, आणि खालून एक हात वर आला. काळा, फुगल्या शिरांचा, टोपलीच्या काठावर ठेवलेला हात.

त्यांनी चष्मा शोधून आणला. नाक माझ्याजवळ आणलं. त्यांचा श्वास माझ्या अंगावर पडत होता.

"बाई हाये," त्या हळूच म्हणाल्या. "मेंढीत बाई हाये."

मग त्यांनी काय केलं माहीत आहे? बाटली बाजूला ठेवली, पदर खोचला आणि चित्रातल्या बाईसारख्या वाकल्या. डावा हात गुडघ्यावर, उजवा खाली. गुडघे दुखत होते तरी तशाच राहिल्या.

"कोळसा वेचतेस काय वो?" त्यांनी तिला विचारलं. "मी पण वेचला. खाणीच्या ढिगावर. लगन होऊन आली, तेव्हापासून. शिपाई आला की पळायचं. चोरट्या म्हणे आम्हाले. फेकलेला कोळसा अन् चोर म्हणे!"

शंभर वर्षांत मला नुसतं बघून गेलेले लोक खूप होते. मला काही विचारणारं हान्नानंतर हे दुसरं माणूस.

त्या दिवसापासून माझ्यावर एक शाल आली. "मेंढ्यांले थंडी वाजते," असं त्यांनी घरात सांगितलं. धम्मपाल हसला. जुई म्हणाली, "आजी, यू आर सो फनी." सगळे गेले की शाल उतरायची, संघमित्राच्या डब्यातल्या कापसाच्या काड्या निघायच्या आणि रोज एक मेंढी जायची. खालून बाई निघाली की द्रौपदीबाई तिला आपल्या ढिगावरच्या मैत्रिणीचं नाव द्यायच्या. "ही शकु. हिच्या बोलण्यापुढं शिपाई पळे. ही पार्बता, हिचा लेक मास्तर झाला." मग त्या शकुशी आणि पार्बताशी बोलत बसायच्या. भाकरी खाताना एक तुकडा माझ्या दिशेनं करायच्या. मित्रांनो, ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते, आणि ते चोरून घालवलेले होते. मी घरी परत जावं असं मला वाटत होतं. आणि ही बाई रोज शाल उतरवायला यावी असंही वाटत होतं. दोन्ही एकदम होणार नव्हतं.

एका शनिवारी धम्मपालनं शाल ओढली.

हिरव्या डोंगराच्या मधोमध काळे डाग, त्यात सहा बायका, आणि कडेला एकच मेंढी उरलेली.

"आई! हे काय करून ठेवलंस?"

"मी नाही केलं. होतंच ते. वरचं काढलं फक्त."

"स्पिरिटनं? चित्र स्पिरिटनं पुसतात?"

"तूच रॉकेल आणत नाहीस घरात."

संघमित्रानं माझा फोटो काढला आणि फोनवर शोधत बसली. थोड्या वेळानं तिनं फोन सगळ्यांसमोर धरला. त्यात मी होतो. माझ्या पहिल्या चौकटीत, धुराड्यांसकट, सातही बायकांसकट. खाली लिहिलं होतं की युद्धात संग्रहालयातून लुटलं गेलं, कोणाला दिसलं तर कळवा.

धम्मपालनं ते दोनदा वाचलं.

"चोरीचा माल," धम्मपाल म्हणाला. "आपल्या भिंतीवर. आणि त्यावर आपण पुसापुशी केली आहे. संघा, आपण बाहेरून आलेले लोक आहोत. उद्या पोलीस विचारतील, कुठून आणलं. कोण ऐकणार आपलं? मी उद्या सकाळी ऑप शॉपच्या दारात ठेवून येतो. आपल्याला काही माहीत नाही."

"आणि मग दुसरा कोणी घेऊन त्यावर गाई रंगवेल," संघमित्रा म्हणाली. "मला नाही पटत. कळवायचं."

"कुठं ठेवून येऊ नका अन् कोणाले कळवू नका," द्रौपदीबाईंनी शाल परत माझ्यावर ओढली. "या घरात माझ्याशी बोलणारं एवढंच हाये. तुम्हाले काय, तुम्ही जाता कामावर. ते जाणार नाही."

धम्मपालची मान खाली गेली. त्याला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

तेव्हा जुई म्हणाली, "बट आजी, हूज इज इट?" कोणी उत्तर दिलं नाही म्हणून तिनं पुन्हा विचारलं, "इट्स नॉट अवर्स, इज इट?"

तीन माणसं माझं काय करायचं ते ठरवत होती आणि मी शालीखाली लटकत होतो. एकाला मला टाकायचं होतं, एकीला पाठवायचं होतं, एकीला ठेवायचं होतं. मी ओरडू शकलो असतो तर काय ओरडलो असतो, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना द्रौपदीबाईंनीच विषय काढला. रात्री झोपल्या नव्हत्या, डोळे सांगत होते.

"धम्मा, कळव त्यांले."

"आई, तुला..."

"ऐक. मी कोळसा वेचला तेव्हा मले चोर म्हणलं. तुझ्या बापाच्या तोंडावर म्हणलं, चोरटीचा नवरा. तेव्हा मी मान वर करून चालली, कारण मी चोर नव्हती. आता हे घरात दाबून ठेवलं तर मी खरंच चोर होईन. अन् या सातजणींसमोर होईन. मले नाही जमणार." चहा संपवून त्या पुढे म्हणाल्या, "पोलिसाले मी सांगते. मेंढ्या मी पुसल्या. काय करते ते पाहू."

पोलिसानं काही केलं नाही. चहा घेतला, दोनदा थँक्यू म्हणाला आणि गेला. आठवडाभरानं इथल्या संग्रहालयातून अरोहा आली. चित्रांची डॉक्टर म्हणा. दारातच "किया ओरा", म्हणजे इथला माओरी नमस्कार, म्हणाली आणि बूट बाहेर काढून आत आली. "चपला बाहेर काढल्या, बाई चांगली हाये," असं द्रौपदीबाईंनी लगेच जाहीर केलं. अरोहानं मला नीट पाहिलं आणि विचारलं, कशानं पुसलं? संघमित्रानं बाटली दाखवली. अरोहा मटकन खाली बसली.

"मेथ्स?" ती म्हणाली. जांभळ्या स्पिरिटला इथे तेच म्हणतात. "ओह, नो."

माझं नशीब म्हणून मास्तरनं माझ्यावर वार्निशचा जाड थर दिला होता. थोडं वार्निश गेलं, मी वाचलो. तुम्ही घरी असलं काही करू नका. दर वेळी नशीब नसतं.

मला नेताना द्रौपदीबाईंनी एकेकीला निरोप दिला. शकु, पार्बता, सगळ्यांना. शेवटच्या मेंढीजवळ त्या थांबल्या. "तू राहिली वो," त्या म्हणाल्या. "तुझं नाव ठेवायचं राहिलं."

काही दिवसांनी अरोहानं त्या सगळ्यांना आपल्या कामाच्या खोलीत बोलावलं. मी पांढऱ्या टेबलावर निजलो होतो. धुराडी मोकळी झाली होती, डोंगर पुन्हा काळा झाला होता. मेंढी तशीच होती, आणि डाव्या कोपऱ्यात आभाळाचा एक तुकडा निळा होता. समोर पडद्यावर एक म्हातारी बाई होती. केस पांढरे झाले होते. मी ओळखलं. हान्ना. दुसऱ्या कुठल्या तरी गावी, दुसऱ्याच्या खोलीत बसलेली.

अरोहा पडद्याकडे बघून इंग्रजीत सांगत होती. वरिष्ठांनी ठरवलं आहे की एक मेंढी ठेवायची. चित्राचं काय केलं होतं याचा तो पुरावा. उद्या खटला उभा राहिला तर दाखवता येईल. आभाळ सगळं पुसून घेऊ, ते मोठं आहे, डोळ्यांत येतं.

हान्ना मेंढीकडे बघत होती. तिला ठाऊक होतं त्या मेंढीखाली कोण आहे. मलाही ठाऊक होतं. पण ती हळूच म्हणाली, "नियमात असेल तसं करा." जन्मभर खुर्चीवर बसून राखण केलेल्या बाईला वरिष्ठांना नाही म्हणायची सवय नसते. मला चीड आली. तिची नाही. त्या सवयीची.

"काय म्हणते ती?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

धम्मपाल सांगणार, तेवढ्यात जुई बोलली. मराठीत. एकेक शब्द शोधत. "आजी, ते... ते एक मेंढी ठेवणार. तशीच. प्रूफ पाहिजे म्हणून."

"पुरावा?" द्रौपदीबाई टेबलाजवळ आल्या. "अन् पुराव्यासाठी बाईच ठेवायची? खाली माणूस हाये तिच्या. सांग त्यांले, जुई. सहाजणी बाहेर काढल्या अन् एकीले म्हणता, तू राहा दाबून, तुझा उपयोग हाये. असं नाही चालत. पुरावा पाहिजे ना? मग आभाळ ठेवा. त्या खोट्या आभाळाखाली कोणी नाही, धूर हाये फक्त. धुराचं काही दुखत नाही."

जुईनं सगळं इंग्रजीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही. "धुराचं दुखत नाही"सुद्धा.

पडद्यावर हान्नानं तोंडावर हात ठेवला होता. मग ती इंग्रजीत बोलायला लागली तेव्हा थांबेचना. पिवळा रुमाल. पणजी. जेवणाचा डबा. "आलीस का जेवायला" असं विचारायची ते. जुई आजीला सांगत होती आणि मध्येच सांगायची थांबली, कारण आजीला कळलं होतं.

"मी वर बोलते," अरोहा म्हणाली. "आभाळ राहील. स्वीट अ‍ॅज."

म्हणजे इकडच्या बोलीत, झकास. आणि तिनं कापसाची काडी घेतली. स्पिरिटची नाही, तिच्याच कसल्याशा औषधाची. मेंढीचं तोंड गेलं, काड्या गेल्या, पाठीवरचा पांढरा ढीग गेला. शेवटी पिवळं दिसलं. धुळीनं मळकं, पण पिवळं. पडद्यावरची बाई तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. कोणालाच ती भाषा येत नव्हती. मला येत होती. "आलीस," ती म्हणाली.

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर तुम्ही खूश होऊन घरी गेला असता. पण मी घरी गेलो नाही. माझ्या गावावर अजून तोफा पडतात. संग्रहालयाच्या वरच्या मजल्याला छप्पर नाही. अस्वलाचं काय झालं, हान्नाला माहीत नाही. म्हणून मी अरोहाच्या संग्रहालयात, तळघरातल्या एका लाकडी पेटीत पडून आहे. थंडी बरोबर, दमटपणा बरोबर, सगळं बरोबर, आणि अंधार. सुरक्षित ठेवलंय मला. हे शब्द ऐकले की माझ्या कापलेल्या कडा अजून दुखतात, पण या वेळी ते खरे आहेत, हे मला ठाऊक आहे. पेटीवर माझ्या गावाचं नाव लिहिलंय.

अरोहा कोणाला तरी सांगत होती की द्रौपदीबाईंनी भिंतीवर माझ्या जागी काही लावलं नाही. खिळा तसाच आहे. जुई शाळेतून आली की त्या खिळ्याखाली बसून आजीला दिवसभराचं सांगते. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. पण सांगते. मला बरं वाटलं, आणि पेटी जरा मोठी वाटायला लागली.

तुम्ही कुठल्या भिंतीवर सुंदर हिरवा देखावा बघितलात तर "वा" म्हणण्याआधी जरा जवळ जा. हात लावू नका. पण विचारा: हे कोणाचं आहे? इथे कसं आलं? याच्याखाली कोणी दाबलेलं तर नाही? मोठी माणसं गप्प बसली तर पुन्हा विचारा. चित्राची खरी निगा तिथून सुरू होते. फडकं नंतर.

आणि युद्ध संपून मी घरी लागलो, कधी लागलोच, तर मला बघायला या. आधी अस्वल बघा, हरकत नाही. मग माझ्यासमोर या. वर डाव्या कोपऱ्यात वीतभर खोटं निळं आभाळ दिसेल. ते मुद्दाम ठेवलंय. त्याच्याकडे बघून झालं की खाली काळ्या डोंगरावर बघा आणि बायका मोजा.

सात भरल्या पाहिजेत. एकही कमी असली तर आरडाओरडा करा.